आरोग्य आराखड्याच्या बैठकीला 'दोन मुलं घेऊन या' असा निरोप आलाय. कसं न्यावं?

पाऊलवाट

नमस्कार मंडळी. मी मराठवाड्यातल्या एका तालुक्यात आशांची गटप्रवर्तक आहे. दसऱ्यानंतरच्या आठवड्यात तालुक्याचा पुढच्या वर्षाचा आरोग्य आराखडा ठरवायची बैठक आहे. परवा फोन आला, "ताई, या वेळी किशोरवयीनांचा सहभाग दाखवायचाय. तुमच्या भागातली दोन मुलं आणा. जरा बोलकी बघा."

फोन ठेवला आणि पोटात गोळा आला. त्याचं कारण सांगते.

दोन वर्षांपूर्वी अशाच एका बैठकीला मी एका मुलीला नेलं होतं. सोळा वर्षांची, आमच्या गावची साथिया. किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात गावोगावी जे पिअर एज्युकेटर निवडतात, त्यांतली. अकराची बैठक, आम्ही दहाला पोचलो. सभागृहात साठ-सत्तर माणसं, बहुतेक पुरुष. साडेतीन वाजेपर्यंत ती पोर प्लास्टिकच्या खुर्चीत ताठ बसून होती. मधे जेवण झालं तेव्हा तिला कुणी ताट घे म्हणालं नाही, मीच उठून आणून दिलं. शेवटची पाच मिनिटं उरली आणि तिच्या हातात माईक आला. "हं बाळा, तुम्हा मुलींच्या काय समस्या असतात, मोकळेपणाने बोल."

ती मोकळेपणाने बोलली. शाळेच्या संडासात पाणी नाही, वापरलेलं पॅड टाकायला जागा नाही, म्हणून मुली ते कागदात गुंडाळून दप्तरातून घरी नेतात, नाहीतर चार दिवस शाळेतच येत नाहीत. मीही आले नव्हते, असंही म्हणाली. टाळ्या पडल्या. कुणीतरी मोबाईलवर चित्रीकरण केलं होतं. ते संध्याकाळी गावाच्या ग्रुपवर फिरत होतं.

तिचे वडील मला एका शब्दाने बोलले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून पोर शाळेत दिसली नाही, एवढंच. दोन महिने घरी होती. मी चार वेळा घरी गेले, तेव्हा आजीने मध्यस्थी केली आणि ती परत शाळेत गेली. संडासात आजही पाणी नाही. त्या बैठकीच्या इतिवृत्तात तिच्याबद्दल एक ओळ आहे: 'किशोरवयीन मुलींनी मनोगत व्यक्त केले.'

मुलांना नेऊच नये, असं मला म्हणायचं नाही. त्यांच्या गोळ्या, त्यांचं समुपदेशन, त्यांचे आरोग्य दिन, हे सगळं त्यांना एका शब्दाने न विचारता ठरतं हे मी इतकी वर्षं बघतेय. पण दुसरी पोर मला अशी माईकपुढे उभी करायची नाही. तुम्ही माझ्या जागी असता तर साहेबांपुढे कोणत्या अटी ठेवल्या असत्या?

---

अबोली_२१

ताई, मी स्वतः साथिया होते. आता नर्सिंगला आहे.

नियम असा की एका आशाच्या भागात चार साथिया, दोन मुलं, दोन मुली, वय १५ ते १९. आम्हाला प्रश्नोत्तरांचं पुस्तक मिळालं, खेळ मिळाले, प्रशिक्षण झालं. पण पुढे काम काय होतं? किशोर आरोग्य दिनाला मुली गोळा करायच्या आणि रजिस्टर भरायचं. पोषण, लैंगिक आरोग्य, मनाचं आरोग्य, व्यसन, हिंसा, असांसर्गिक आजार, असे सहा विषय आम्हाला पाठ होते. यातला आपल्या गावात आधी कोणता घ्यायचा, हे दोन वर्षांत एकदाही कुणी विचारलं नाही. हा कार्यक्रम २०१४ मध्ये सुरू झाला तेव्हापासून कागदावर किशोरांचा सहभाग आहेच. आम्ही कार्यक्रमाचे हात होतो.

आणखी एक गोष्ट मला आजही टोचते. माझी निवड झाली ती मला भाषण करता यायचं म्हणून. आमच्या शेजारच्या तांड्यावर सहा मुली माझ्याच वयाच्या होत्या. दिवाळीच्या आगेमागे त्या आईबापांबरोबर ऊसतोडीला जायच्या आणि उन्हाळ्यात परत यायच्या. लहान भावंडं त्याच सांभाळायच्या, फडावर स्वयंपाकही त्याच करायच्या. बैठकांमध्ये त्यांच्या वतीने मी बोलायचे. फडावर पाळी आली की काय करतात, हे मला काय माहीत होतं?

तुमची बैठक दसऱ्यानंतर म्हणताय. म्हणजे टोळ्या निघायला लागलेल्या असणार. 'बोलकी मुलं' शोधण्याआधी तारीख बदलून मागा.

---

वेशीवरचा

मी ग्रामपंचायत सदस्य आहे, तिसरी टर्म. कुणाला राग आला तरी चालेल, पण मला हे सगळं पटत नाही.

ग्रामसभेचा सभासद कोण? ज्याचं नाव मतदार यादीत तो. अठराच्या आतल्याला तिथे मत नाही, आणि त्याला कारण आहे. बंधित निधी कशावर खर्चता येतो, अबंधित कशावर, हे आम्हालाच समजायला दोन वर्षं लागली. पोरांना विचारलं की ती व्यायामशाळा आणि मैदान मागणार. नाही म्हटलं की हिरमुसणार. मग विचारायचंच कशाला?

दुसरं, गावात गट असतात. आमच्याकडे एका सभेत नववीतल्या मुलाच्या हातात चिठ्ठी देऊन सरपंचाविरुद्ध वाचायला लावलं होतं. पोराला वाटलं आपण गावाचं भलं करतोय. पुढे त्याच्या बापाचं सहा महिने कुठलंही काम पंचायतीत पुढे सरकलं नाही. मोठ्यांची भांडणं पोरांच्या तोंडून नकोत. संडासात पाणी नाही हे बघायला पोरीची साक्ष कशाला लागते? ते आमचं काम आहे, आम्ही केलं नाही. लाज आम्हाला वाटायला पाहिजे.

---

खडूफळा

वेशीवरचे दादा, तुमचं शेवटचं वाक्य शंभर टक्के मान्य. पण काही गोष्टी मुलांनी सांगितल्याशिवाय मोठ्यांना दिसतच नाहीत. आमच्या शाळेतलं सांगतो.

दर सोमवारी निळी गोळी असते, लोहाची. आठवीपर्यंतची मुली-मुलं निमूट घ्यायची. नववी-दहावीच्या मुली मात्र गोळी जिभेखाली धरून नळावर जायच्या आणि थुंकायच्या. आम्ही रागावलो, पालकांना बोलावलं, रक्तक्षयावर व्याख्यान ठेवलं. काही फरक पडला नाही. शेवटी आमच्या एका मॅडमनी मुलींना गोल करून बसवलं आणि विचारलं, "गोळीचं काय होतं गं?"

उत्तर पाच मिनिटांत मिळालं. शाळेतली खिचडी आठवीपर्यंत. गोळी आम्ही द्यायचो प्रार्थनेनंतर लगेच, कारण हजेरी त्याच वेळी भरून होते. आठवीपर्यंतच्यांना दीड तासात खिचडी मिळायची. वाडीवरच्या नववीतल्या मुली सकाळी सातला उपाशी निघालेल्या, डबा दीडला. रिकाम्या पोटी गोळी घेतली की मळमळ, एकीला वर्गात उलटी झाली होती आणि मुलं हसली होती. तेव्हापासून थुंकणं सुरू झालं होतं.

गोळी जेवणानंतर द्यायची हे सूचनेत लिहिलेलंच आहे. आम्ही ते वाचलंही होतं. नववी-दहावीची गोळी डब्याच्या सुट्टीनंतर नेली, खर्च शून्य. यासाठी कुणालाही माईकसमोर जावं लागलं नाही, कुणाचं नाव कुठे गेलं नाही. मुलं व्यायामशाळाच मागतील हे आपण आधीच ठरवून बसतो.

---

मैत्रीचं_दार

मी एका ग्रामीण रुग्णालयात मैत्री क्लिनिकला, म्हणजे किशोरवयीनांसाठीच्या दवाखान्यात, समुपदेशक आहे. पाऊलवाट ताई, तुमची पोस्ट वाचून झोप लागली नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी सुरक्षेचं. मुलांना विचारायला बसण्याआधीच 'कुणी काही गंभीर सांगितलं तर काय करायचं' हे ठरलेलं हवं. तुमच्या गटात पंधरा मुली असतील तर एखादीच्या लग्नाची बोलणी घरात चालू असण्याची शक्यता खरी आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के जणींचं लग्न अठरा पूर्ण व्हायच्या आत झालेलं होतं. 'आरोग्याच्या अडचणी सांगा' म्हटलं की कुणी हे सांगेल, कुणी मामाच्या घरी काय झालं ते सांगेल.

अशा वेळी "मी कुणालाही सांगणार नाही" असं वचन देऊ नका. पोक्सो कायद्याचं कलम १९ आपल्या सगळ्यांना लागू आहे. लैंगिक अत्याचाराची माहिती कळली की ती पोलिसांना देणं बंधनकारक आहे. म्हणून सुरुवातीलाच साध्या शब्दांत सांगायचं: "इथलं बोलणं मी गावात करणार नाही. पण कुणाच्या जिवाला किंवा शरीराला धोका आहे असं कळलं, तर मला मदत आणावीच लागेल, आणि ती आणण्याआधी मी तुझ्याशी बोलेन." हे ऐकून मुली गप्प होतील असं वाटतं. माझा अनुभव उलटा आहे. कुठपर्यंत बोलायचं हे त्यांना ठरवता येतं. मुलांच्या हेल्पलाइनचा १०९८ आणि मनाच्या आरोग्यासाठीच्या टेली-मानसचा १४४१६ हे दोन नंबर भिंतीवर लावून ठेवा. पण त्यांच्या भरवशावर राहू नका, त्या दिवशी एक समुपदेशक प्रत्यक्ष तिथे बसवा.

दुसरं, स्वतःची गोष्ट विचारायची नाही. 'तुला काय त्रास होतो' हा प्रश्न दवाखान्यातला आहे. आराखड्यासाठी विचारायचं 'आपल्या गावातल्या मुलींना दवाखान्यात यायला काय आडवं येतं.' एवढ्या बदलाने ती मुलगी रुग्ण राहत नाही, गावाची जाणकार होते.

तिसरं माझ्या चुकीतून शिकले. मी एका शाळेत चिठ्ठ्यांची पेटी ठेवली होती. नाव लिहू नका म्हणून सांगितलं होतं. पेटी उघडताना वर्गशिक्षक शेजारी उभे होते. दुसरी चिठ्ठी बघूनच म्हणाले, "हे अक्षर तर अमकीचं." चाळीस मुलींच्या शाळेत अक्षर म्हणजे नावच. तेव्हापासून मी चिंचोके वापरते. सात-आठ रिकामे डबे, प्रत्येकावर एक चित्र: कुलूपबंद संडास, निळी गोळी, पुडी, एसटी, दवाखान्यातली गर्दी, टक लावून बघणारे डोळे, घरातलं भांडण. डबे पडद्याआड. प्रत्येकीला पाच चिंचोके, हवे तिथे टाकायचे. पाचही एकात टाकले तरी चालतील. नंतर सगळ्यांसमोर मोजायचे. मुलांचं वेगळ्या दिवशी. लिहिता न येणारी मुलगीही यात बरोबरीने भाग घेते.

---

चुलीपासची_आई

तुम्ही सगळे मुलींबद्दल बोलताय, मी मुलाबद्दल सांगते. आम्ही विदर्भातले. माझा मुलगा खर्रा, म्हणजे घोटलेली तंबाखू-सुपारी, खायचा, पंधराव्या वर्षापासून. सुटला. एका कार्यक्रमात त्याला स्टेजवर बोलावून सत्कार केला, 'व्यसनमुक्त युवा' म्हणून फोटोसकट बॅनर लागलं चौकात. आम्हाला कुणी विचारलं नाही, आम्हालाही तेव्हा छातीभर अभिमानच वाटला.

आठ महिन्यांनी तो पुन्हा खायला लागला. असं होतं, डॉक्टरांनी नंतर समजावलं की सुटता सुटता बहुतेकांचं होतं. पण आता तो मदत मागायला कुठे जाणार? बॅनरवरचा मुलगा ना तो. पानठेल्यावरचे लोक त्याला 'मुक्त साहेब' म्हणायचे. दीड वर्ष त्याने दवाखान्याचं तोंड पाहिलं नाही.

ताई, मुलाला न्या. पण आधी घरी या, बसा, चहा घ्या, काय बोलणार आहे ते आईबापाला सांगा. आणि बापाने हो म्हटलं म्हणून पोराचं हो धरू नका. त्याला एकट्याला विचारा. आणि मधेच उठून जायचं म्हणाला तर कुणी कारण विचारायचं नाही.

---

लिफीकाठ

डब्लिनहून लिहितोय, इथे युवक केंद्रात काम करतो. मूळ साताऱ्याचा.

संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेचं कलम १२ सांगतं की मुलांना त्यांच्याशी संबंधित बाबतीत मत मांडायचा हक्क आहे, आणि त्या मताला वय आणि समज पाहून वजन द्यायला हवं. भारताने ती संहिता १९९२ मध्ये स्वीकारली. बहुतेक ठिकाणी पहिला अर्धा भाग पाळला जातो, वजनाचा भाग राहून जातो. बेलफास्टच्या प्राध्यापक लॉरा लंडी यांनी २००७ मध्ये यावर चार शब्दांची मांडणी केली आणि आयर्लंडच्या सरकारने २०१५ च्या बालसहभाग धोरणात ती घेतली. आपल्या भाषेत सांगायचं तर: जागा, आवाज, ऐकणारा, परिणाम. पाऊलवाट ताई, तुमच्या मुलीला जागा होती, आवाजही होता. ऐकणारा नव्हता. सभागृहात सत्तर माणसं असूनही नव्हता, कारण 'हे ऐकून मी अमुक करायला बांधील आहे' असं एकालाही वाटत नव्हतं.

इथे आम्ही मुलांशी बोलण्याआधी अधिकाऱ्याला एकच प्रश्न विचारतो: या विषयात अजून काय बदलता येण्यासारखं आहे? सगळं ठरून गेलं असेल तर मुलांना बोलवत नाही. आणि भाडं, जेवण, बुडालेला दिवस यांचे पैसे देतो. तिथे मोठ्यांना बैठकभत्ता मिळत असेल आणि मुलीला नाश्त्याचा पुडा, तर ते न्याय्य नाही.

---

अबोली_२१

भाड्याचं अगदी बरोबर. मुलींचा एसटीचा पास गाव ते शाळा एवढाच. तालुक्याला जायचं तर तिकीट काढावं लागतं, आणि परतीची शेवटची गाडी चुकली तर रात्री घरी कसं जायचं? मला दोनदा कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून यावं लागलं होतं. हेही सुरक्षेतच धरा.

---

खडूफळा

एक राहिलं. कार्यक्रमाला पैसे कोण देतंय तेही बघा. आमच्या शाळेत पोषणावर निबंध स्पर्धा झाली आणि बक्षीस म्हणून गोड थंड पेयाचे खोके आले. तंबाखूच्या बाबतीत तर जागतिक कराराच्या कलम ५.३ मध्येच आहे की धोरण उद्योगाच्या हितसंबंधांपासून दूर ठेवायचं, आणि भारत २००४ पासून त्या करारात आहे. मुलांच्या टोप्यांवर कुणाचं चिन्ह आहे, हे आधी तपासा.

---

वेशीवरचा

दोन दिवस विचार केला. मेव्हणा सीमेपलीकडे कर्नाटकात ग्रामपंचायतीत आहे, त्याला फोन लावला. तिकडे मुलांची वेगळी ग्रामसभा होते, मक्कळ ग्रामसभा म्हणतात, २००६ पासून सरकारी आदेश आहे. मी विचारलं, पोरं काय मागतात? म्हणाला, पहिल्या वर्षी मैदान, दुसऱ्या वर्षी शाळेच्या रस्त्यावरचं दारूचं दुकान हलवा म्हणाली. ते हललं का, म्हटलं. हललं नाही, पण दुकान का हलत नाही हे अध्यक्षांना पोरांसमोर उभं राहून सांगावं लागलं, आणि ते त्यांना फार जड गेलं.

मला हे पटलं. ताई, एक सुचवतो. मुलांना मोठ्यांच्या सभेत आणू नका, मोठ्यांना मुलांच्या सभेत न्या. तिथे फक्त तीन माणसं: तालुका आरोग्य अधिकारी, गटशिक्षणाधिकारी, ग्रामसेवक. फोन बाहेर ठेवायचे. मुलांची मागणी ठराव म्हणून मोठ्यांच्या सभेत तुम्ही वाचा, कुणाचंही नाव न घेता. आणि इतिवृत्तात 'मनोगत' हा शब्द येऊ द्यायचा नाही. मागणी, निर्णय, जबाबदार कोण, तारीख. नाही म्हणायचं असेल तर कारण. म्हणजे पोराच्या तोंडी चिठ्ठी देणाऱ्यांचाही मार्ग बंद होतो.

---

पाऊलवाट

मंडळी, तीन आठवड्यांनी लिहितेय. जे झालं ते सांगते.

तुमच्या सगळ्यांच्या सूचना एका पानावर काढून साहेबांना दिल्या. माईक नाही, चित्रीकरण नाही, आधी घरभेट, येण्याजाण्याला गाडी, समुपदेशक हजर, लेखी उत्तर. साहेबांनी दोनदा वाचलं. म्हणाले, "एवढं सगळं असेल तर दोन मुलांऐवजी नीटच करू." बैठक पुढे ढकलायला नाही म्हणाले, पण गावातलं विचारणं दसऱ्याच्या आत करायला परवानगी दिली.

तीन ठिकाणी डबे ठेवले, त्यातला एक तांड्यावर. शाळेच्या गावात सगळ्यात जड डबा संडासाचा निघाला, ते मला वाटलंच होतं. तांड्यावर तो जवळजवळ रिकामा होता. तिथे चिंचोके होते एसटीच्या डब्यात आणि टक लावून बघणाऱ्या डोळ्यांच्या डब्यात. मी विचारलं, एसटी का? एक मुलगी म्हणाली, फडावरून दवाखाना लांब, आणि जायचं तर मुकादमाच्या गाडीतून. पुढचं तिने सांगितलं नाही आणि मीही सगळ्यांसमोर विचारलं नाही. समुपदेशक ताई त्यानंतर दोनदा तांड्यावर जाऊन आल्या.

जुन्या साथियाला मी आधी घरी जाऊन भेटले, माफी मागितली. ती आता कॉलेजला आहे. "मी येते, पण डबे मोजायला," म्हणाली. दिवसभर तिनेच मोजले.

बैठकीत मी ठराव वाचला. संडासाला पाण्याची टाकी: मंजूर, ग्रामसेवकाचं नाव आणि तारीख लिहून. नववी-दहावीची गोळी डब्यानंतर: तालुकाभर लागू. फडावर जाणाऱ्या मुलींना सहा महिन्यांच्या पॅडची आणि गोळ्यांची पिशवी निघण्याआधी द्यावी: निम्मी मंजूर, गोळ्या मिळतील, पॅडसाठी निधी नाही. कारखान्याच्या भागातल्या दवाखान्याने महिन्यातून एकदा फडावर यावं: 'जिल्ह्याकडे कळवले', एवढंच.

आता ही उत्तरं, नकारासकट, मुलींपर्यंत पोचवायची आहेत. पहिल्या टोळ्या पुढच्या शुक्रवारी निघताहेत. तांड्यावरच्या लहान मुलींना मराठीपेक्षा गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, जवळची, आणि मला ती बोलता येत नाही. इथे कुणी गोरमाटी बोलणारी ताई असेल आणि दोन तास देऊ शकत असेल तर मला निरोप करा. गाडीची सोय आहे.